सोमवारचे खड्डे

सकाळी नऊ वाजता केतकी आवटीच्या मनगटावरचं कडं विझलं.

तीन महिने त्या राखाडी कड्यावर एक हिरवा ठिपका जळत होता. झोपेत, आंघोळीत, ट्राम चालवताना. तो मिटला तेव्हा ती वेस्टरहावन शहराच्या उत्तर डेपोत चौदा नंबरच्या ट्रामचे आरसे पुसत होती. तिनं फडकं खिडकीत ठेवलं आणि फोन काढला. निकाल येऊन पडला होता. जोडीदार-प्रवेशाचा अर्ज नामंजूर. कारण एका वाक्याचं : अर्जदाराचं पुढच्या पाच वर्षांचं अंदाजित उत्पन्न किमान मर्यादेखाली. पुढचा अर्ज दोन वर्षांनंतर करता येईल.

तिनं ते पुन्हा एकदा वाचलं आणि ट्राम वेळेवर बाहेर काढली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं नवऱ्याला, संग्रामला, फोन लावला. सांगलीत तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि तो शिकवायचा त्या तरण तलावावर लहान मुलांची तुकडी पाण्यात होती.

"नाही म्हणाले," ती म्हणाली.

पलीकडं शिट्टी वाजली. "एऽ, काठावरनं पळू नकोस! पडशील! हां, बोल. का? पगार कमी पडला?"

"पगार कमी नाही पडला. पडणार आहे म्हणे."

"कधी?"

"पुढं. पाच वर्षांत कधीतरी."

"आयला, ज्योतिषीच बसवलाय की." तो हसला, पण ते हसू लगेच आटपलं. "केतू, मी महापालिकेला लिहून दिलंय गं. एक तारखेपासनं माझ्या जागी दुसरा पोरगा येतोय."

"कुणी सांगितलं होतं घाई करायला?"

"तूच की. म्हणालीस, या वेळी नक्की."

ती म्हणाली होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती, त्यातले एकत्र दिवस दोन सुट्ट्यांचे. या वर्षी तिची नोकरी कायम झाली होती आणि पगार मर्यादेच्या वर सहज जात होता. नक्की न म्हणण्यासारखं काही तिला दिसलंच नव्हतं.

पूर्वी या देशात मागच्या सहा महिन्यांच्या पगाराचा पुरावा लागत असे. ओळखीच्या मालकाकडून तो फुगवून घेता येई, आणि लोक घेतही. म्हणून सरकारनं मागं बघणं सोडलं आणि पुढं बघायचं ठरवलं. त्यासाठी एका खासगी कंपनीचं यंत्र आलं. कंपनीचं नाव लांबलचक होतं. गावातले मराठी लोक तिला नुसतं 'कडेवाले' म्हणत.

कड्याच्या आतल्या अंगाला अवरक्त प्रकाशाचे बारीक झरोके असतात. तो प्रकाश कातडीत शिरतो, परत फिरतो, आणि पेशींभोवतीच्या द्रवात साखर किती आहे हे सांगतो. शिवाय नाडीची लय, झोपेचे तुकडे, बोटांचा कंप. कंपनीनं वीस वर्षांतल्या लाखो लोकांची अशी टिपणं त्यांच्या कराच्या नोंदींशेजारी ठेवली होती, आणि त्यातून एक गोष्ट वर आली होती. माणसाची कमाई कोसळते त्याच्या बरंच आधी त्याचं शरीर बदलतं. ज्याची नोकरी जाणार असते तो आधीच पहाटे जागा राहू लागतो. जो आजारी पडणार असतो त्याची नाडी आधीच चाल बदलते. यंत्राला यातलं कारण कळत नाही. अमुक आकाराची रेघ ज्यांची होती त्यांचं पुढं काय झालं, एवढंच त्याला ठाऊक असतं. नव्या माणसाची रेघ आली की ते जुन्यांतले सारखे शोधतं आणि त्यांचं नशीब याच्या नावावर लिहितं.

केतकीची रेघ कुणासारखी होती, हे निकालात लिहिलेलं नव्हतं. रेघ तेवढी जोडली होती. ती वाचू शकेल असा एकच माणूस तिच्या ओळखीत होता.

डॉ. आल्हाद सबनीस शरीरातल्या साखरेवर संशोधन करत. महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष होते आणि कडेवाल्यांचे सल्लागारही. रविवारी त्यांनी केतकीला चहाला बोलावलं. घरात वेलचीचा वास होता. सुलभाताईंनी, त्यांच्या पत्नीनं, पोहे आणून ठेवले आणि त्याही तिथंच बसल्या.

डॉक्टरांनी रेघ मोठ्या पडद्यावर घेतली. ती सपाट चालत होती आणि दर सातव्या दिवशी खाली कोसळत होती. एकामागून एक खड्डे, आणि जूनपर्यंत प्रत्येक खड्डा आधीच्याहून खोल.

डॉक्टर रेघेवर बोट फिरवत शेवटच्या खड्ड्यापर्यंत गेले. मग चष्मा काढून म्हणाले, "सोमवार करतेस?"

"सोळा सोमवार. आईनं सांगितलं होतं, संग्रामचं काम होईपर्यंत धर म्हणून. तेरा झालेत."

"दिवसभर काहीच नाही?"

"पाणी. प्रदोष झाला की कणकेचा चुरमा."

"आणि जूनमध्ये खड्डे इतके खोल का?"

"सूर्य मावळत नाही ना इथं. साडेदहा वाजतात."

"अगं, मग सांगलीच्या वेळेनं सोडायचास!"

"आईपण हेच म्हणत होती. मी म्हटलं, जिथं राहते तिथला सूर्य खरा." केतकीनं पडद्याकडं पाहिलं. "यामुळं झालं?"

डॉक्टरांनी चष्म्याची काच पुसायला घेतली. "आठवड्याला एक दिवस साखर अशी पडणं इथं दोनच प्रकारच्या माणसांत दिसतं. ज्यांचे पैसे आठवडा संपायच्या आत संपतात ते, किंवा ज्यांना खाण्याचा आजार आहे ते. ही माणसं पुढं घसरतात. यंत्रानं तुला त्यांच्यात धरलं."

"पण रोजे धरणारेही आहेत की इथं. आमच्या डेपोत निम्मे आहेत. त्यांचं कसं होतं?"

"त्यावरून खटला झाला होता. तेव्हापासून सलग महिन्याची घट यंत्र सोडून देतं. आठवड्याच्या घटीची तरतूद नाही."

"मग कडेवाल्यांना कुणी सांगितलं नाही का, आपल्यात असं असतं म्हणून?"

"सांगितलं नाही कसं? ह्यांनाच विचारलं होतं की," सुलभाताई सहज म्हणाल्या. "तुम्हीच नाही का जेवताना सांगत होतात हो? भारतीय लोक नियमित उपवास करतात का, असं विचारलं म्हणून?"

चहाच्या कपाचा आवाज झाला. डॉक्टरांनी तो बशीत नीट ठेवला.

"मी लिहून दिलं," ते म्हणाले, "की सुशिक्षित भारतीयांत ही प्रथा आता उरलेली नाही."

केतकीला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "का?"

"त्या खोलीत कोण कोण बसलं होतं तुला माहीत नाही. जगातली मोठी माणसं. त्यांच्यापुढं काय सांगायचं होतं, की आमच्याकडं बायका नवऱ्यासाठी उपाशी राहतात?"

"राहतात ना."

"ते तू इथं म्हणतेस. तिथं म्हणून बघ."

केतकीनं पोह्यांची बशी बाजूला सारली. तिचा आवाज चढला नव्हता. "काका, मग आता एक ओळ लिहून द्या. तेव्हा चुकलं, साप्ताहिक उपवास असतो, एवढंच."

"एका ओळीत संपत नाही ते. एक चूक मान्य झाली की त्या आकाराचे सगळे नकार आपोआप पुन्हा उघडतात. नियमच आहे तसा. चार वर्षांचे नकार, केतकी. त्या प्रत्येकाखाली माझी सही आहे असं म्हणतील. माझं नाव, मंडळाचं नाव, आपल्या सगळ्यांचं नाव." ते उठले. याचा अर्थ तिनंही उठावं. "पुढच्या वेळी उपवास करू नकोस, झालं. दोन वर्षं काय गं, बघता बघता जातील. तरुण आहात."

दारात सुलभाताईंनी तिच्या हातावर पेढा ठेवला. "सांगायचंच राहिलं. आमच्या ईशानचं ठरलं. पुण्याची आहे, मैथिली. इथल्या नियमानं आता त्यालाही ते कडं घालावं लागेल. लग्न करून तिला आणायची ना."

"हो का," केतकी म्हणाली. "अभिनंदन."

पेढा तिनं खाल्ला. ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचेतो तिला कळून चुकलं होतं की आपण काय करणार आहोत. त्यासाठी कुणाशी खोटं बोलावं लागणार नव्हतं. डॉक्टर मुलाला एका वाक्यात सावध करू शकत होते. पण ते वाक्य म्हणण्यासाठी आधी आपलं कृत्य सांगावं लागलं असतं. आणि त्याहून खात्रीची गोष्ट म्हणजे ते वाक्य म्हणायची गरज त्यांना वाटलीच नसती. आमच्या घरात कोण उपवास करतंय, असंच त्यांनी धरलं असतं. एकदा सबंध समाजाबद्दल धरलं होतं तसंच.

केतकीनं उरलेले तीन सोमवार तसेच अर्धवट सोडून दिले.

मंडळानं शुक्रवारी बॅडमिंटनसाठी एक हॉल घेतलेला असे. ईशान सबनीस तिथं नेमानं येई. तिशीला टेकलेला, गोल चेहऱ्याचा, हरला तरी समोरच्याला टाळी देणारा मुलगा. तो बंदरावर क्रेनच्या संगणकांचं काम बघे आणि आईवडिलांपासून वेगळा, गोदीजवळच्या इमारतीत राही. सप्टेंबरात त्याच्या मनगटावर कडं चढलं. केतकीनं आल्या आल्या हिरवा ठिपका पाहिला.

"केतकीताई, एक सेट?"

खेळ संपल्यावर तो बाकावर धापा टाकत बसला. "शेरवानीचं बटण लागत नाहीये. मैथिलीनं पुण्याहून माप मागवलंय. मी खोटं माप पाठवलं."

"डिसेंबरात आहे ना लग्न? मग वेळ आहे की."

"जिमला जाऊन बघितलं. भूकच वाढली."

"आठवड्यातून एक दिवस सगळं बंद कर," केतकी म्हणाली. "रविवारी रात्री जेवायचं, ते थेट मंगळवारी सकाळी. मधे फक्त पाणी."

"फास्टिंग? ऑफिसात दोघंतिघं करतात. पण ते रोजचे सोळा तास वगैरे."

"ते विसरायला होतं. एक दिवस पक्का धरला की बरं पडतं. सोमवार धर. मी केलंय, चार किलो उतरले."

हे खरं होतं.

"भारी," ईशान म्हणाला. "बाबांना नाही सांगणार हं. ते म्हणतील, काय खुळ्यासारखं."

त्याला गप्प कसं ठेवायचं याचा विचार तिनं घरून करून आणला होता. तो वाया गेला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मैथिली होती. त्यानं फोन केतकीपुढं धरला. पडद्यावर चष्मा लावलेली, केसांना पेन्सिल खोचलेली मुलगी होती. पाठीमागं कुकर शिट्ट्या देत होता.

"ताई, तुम्हाला एक विचारू? ओले केस घेऊन बाहेर पडलं तर खरंच गोठून कडक होतात का तिथं? हा म्हणतो मोडतात."

"मोडत नाहीत," केतकी म्हणाली. "पण सर्दी होते. टोपी घ्यायची. लोकरीची, आतून अस्तर असलेली. पुण्यात घेऊ नकोस, इथली चांगली असते."

"मग तुम्ही याल माझ्याबरोबर घ्यायला?"

"येईन की."

घरी जाताना ते शेवटचे दोन शब्द तिच्या तोंडात राहिले. तरी पुढच्या शुक्रवारी तिनं ईशानला विचारलं, सोमवार जमला का, आणि त्यानं अंगठा वर केला तेव्हा शाबास म्हणाली.

ऑक्टोबरात तिनं संग्रामला सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. तो एका क्लबच्या तलावावर रोजंदारीनं जात होता, त्याचा त्या दिवशी मालकाशी खटका उडाला होता. त्याला बरं वाटावं म्हणून ती बोलून गेली. त्या सबनीसालाही कळेल आता, म्हणाली, आणि मग सगळंच सांगितलं.

पलीकडं पावलं वाजली, तो तलावापासून बाजूला जात होता.

"संग्राम?"

"आहे." तो हळू बोलत होता. "त्या पोरीनं तुझं काय केलंय?"

"मी कुणाचं काय केलं होतं?"

"ते विचारत नाही मी."

"मग कोण विचारणार? सांग की. तो माणूस समोर बसून मला म्हणाला, दोन वर्षं बघता बघता जातील. त्याच्या घरात जाऊ देत ना दोन वर्षं. बघू दे त्यानं कशी जातात ती."

"त्याची जातात कुठं? पोराची जातात. तिची जातात." पाण्याचा आवाज आला, कुणीतरी सूर मारला होता. "तुला माहितीय, बुडणारा माणूस वाचवायला येणाऱ्याच्या डोक्यावर चढतो. आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो, मागनं जा, समोरनं जाऊ नका. त्याला कळत नसतं गं, तो कुणाला दाबतोय. तुला कळतंय."

"मी बुडत नाहीये."

"तेच म्हणतोय मी. अजून दीड महिना आहे, त्याला सांग खा म्हणून. मला तुझ्याकडं यायचं होतं, केतू. ही कोण बोलतेय मला माहीत नाही."

तिनं रागानं फोन ठेवला. त्या शुक्रवारी ती हॉलवर लवकर गेली. ईशान शेरवानीचा फोटो घेऊन आला होता, बटण लागलं होतं. तो खूष होता. केतकीनं रॅकेटची पकड गुंडाळायला घेतली, पूर्ण उलगडून पुन्हा गुंडाळली, आणि त्याला खा म्हणाली नाही. त्यानंतर संग्रामचे फोन कमी झाले. करायचा तेव्हा जेवलीस का विचारायचा, हवा विचारायचा. तिच्याकडं येण्याचा विषय काढत नसे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिनं सोडलेलं व्रत पुन्हा धरलं. आईला सांगितलं तेव्हा आई हरखली. व्रत तेच होतं, मागणं बदललं होतं. पुढच्या मंगळवारी ईशानचं कडं विझलं.

निकालावर फेरविचार मागायचा तर तेरा दिवस मिळत. त्यातला शेवटचा दिवस सोमवारी पडला. तो केतकीचा सोळावा.

डिसेंबरात वेस्टरहावनचा सूर्य दुपारी साडेतीनलाच मावळतो. केतकीची ट्राम बाजारचौकातून निघाली तेव्हा आकाश शिशासारखं झालं होतं आणि दिवे लागले होते. चौकात डॉ. सबनीस चढले. बसायला जागा होती तरी ते पुढं येऊन चालकाच्या काचेमागं उभे राहिले. ती त्यांना आरशात बघत राहिली. एकेक थांबा गेला, माणसं उतरली. शेवटच्या थांब्यावर ट्राम रिकामी झाली. इथं ट्राम काही मिनिटं थांबे. समोर रस्त्यापलीकडं काचेची सहा मजली इमारत होती, कड्यांच्या निकालांवरचे फेरविचार तिथं चालत. तिची दारं पाचला बंद होत.

केतकीनं काचेचं दार सरकवलं.

"तू केलंस," डॉक्टर म्हणाले.

"मी काय केलं? तो सोमवारी जेवला नाही."

"त्याची रेघ पाहिली मी. विचारलं त्याला. तुझं नाव सांगितलं त्यानं. अगदी कौतुकानं." त्यांनी मागं वळून रिकामी ट्राम पाहिली. "त्याला अजून कळलेलं नाही, मी का विचारलं ते. तो मला विचारतो, बाबा, माझ्यात काही दोष निघाला का? रात्रभर नेटवर आजार शोधत बसतो."

"तुम्ही सांगा ना त्याला. तुम्हाला तर माहीतच आहे."

"मैथिलीचे वडील म्हणतात, दोन वर्षं थांबणार नाही. हॉलचे पैसे परत मागितलेत त्यांनी."

"दोन वर्षं काय हो काका, बघता बघता जातील."

हे वाक्य तिनं महिनोन्महिने जपून ठेवलं होतं. म्हणून झाल्यावर तिला वाटलं होतं तेवढं हलकं वाटलं नाही, पण वाटलं.

डॉक्टरांनी कोटाच्या आतून घडी केलेला एक कागद काढला. हातानं लिहिलेला होता. "तुला एक ओळ हवी होती ना. ही बघ. साप्ताहिक उपवासाची प्रथा अस्तित्वात आहे, माझं आधीचं निवेदन चुकीचं होतं. हे मी आत दिलं की ईशानचा नकार उघडतो. तुझाही. सगळ्यांचेच."

"मग द्या."

"देणारच आहे. मुलगा आहे माझा." त्यांनी कागदाची परत घडी केली. "पण ते मला विचारणार, तुमच्या मुलाला ही प्रथा कुठून लागली? तुम्ही तर लिहून दिलं होतं, सुशिक्षितांत उरलेली नाही. तेव्हा मला दुसरी ओळ लिहावी लागेल. की एका बाईनं कड्याची रेघ कशी बिघडते हे ठाऊक असताना मुद्दाम ती बिघडवली. याला इथल्या कायद्यात काय शिक्षा आहे माहितीय तुला? दोन वर्षं नाही. तुला कुणालाच, कधीच आणता येणार नाही."

केतकीचा हात ब्रेकच्या दांड्यावर होता. "लिहावी लागेल, की लिहायचीय?"

डॉक्टरांनी कागद कोटाच्या खिशात सरकवला.

"त्या दिवशी तुम्हाला काय जड होतं?" ती म्हणाली. "एक ओळ लिहायची होती. तेव्हा ईशानला कडंसुद्धा चढलं नव्हतं. तेव्हाच लिहिली असतीत तर तो सोमवारी उपाशी राहून काय बिघडणार होतं? काही नाही. यंत्र म्हणालं असतं, यांच्यात असतं असं."

"आणि तू त्याला एकदा खा म्हणाली असतीस तर?"

बाहेर अंधार पडला होता. केतकीनं घड्याळ पाहिलं. प्रदोष होऊन गेला होता. तिनं पायाशी ठेवलेला डबा उचलला. सोळाव्या सोमवारचा चुरमा, तूप थिजून पांढरं पडलं होतं. त्याचे तीन भाग करायचे असतात, एक देवाला, एक लोकांना, एक आपल्याला. तिनं एक भाग चमच्यानं काढला आणि दारातून पुढं धरला.

"घ्या," ती म्हणाली. "प्रसाद आहे."

सुशिक्षितांत जी प्रथा उरली नाही म्हणून त्यांनी लिहून दिलं होतं, तिचा घास त्यांच्यापुढं आला. डॉक्टरांचा उजवा हात आपोआप पुढं झाला, खाली डावा जोडला गेला. त्यांनी तो घास कपाळापर्यंत नेला आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन तिच्याकडं पाहिलं. केतकी हसत होती. असं हसू तिच्या चेहऱ्यावर पूर्वी कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि संग्रामनं ते पाहू नये असं तिला त्याच क्षणी वाटलं.

घास खाऊन, बोटं रुमालाला पुसून डॉक्टर उतरले. रस्ता ओलांडताना त्यांनी एकदा कोटाचा खिसा चाचपला. काचेची दारं उघडली आणि ते आत गेले.

ट्राम परत निघायची वेळ झाली. केतकीनं आपला घास खाल्ला. तेवढ्यात फोन दोनदा थरथरला. पहिला संदेश मैथिलीचा होता. 'ताई, ईशान म्हणाला उपवास तुम्ही सुचवला होता. त्यानं तर नसेल ना झालं? कुणाला विचारावं कळत नाही म्हणून तुम्हाला विचारतेय.' दुसरा संग्रामचा, नेहमीचा. 'सोमवार सुटला का? आता तरी नीट जेव.'

तिनं दोन्ही वाचले. ट्राम हलवली.

पाच वाजता त्या इमारतीची दारं बंद झाली. केतकी तेव्हा बाजारचौकात होती. पाच वाजून काही मिनिटांनी तिच्या अर्जाच्या पानावर सहा महिन्यांत प्रथमच बदल झाला. 'नामंजूर' पुसलं जाऊन तिथं 'फेरविचारात' आलं. त्याखाली एक नोंद होती : अर्जाशी डॉ. आल्हाद सबनीस यांचं एक निवेदन जोडण्यात आलं आहे. सुनावणीपर्यंत ते कुणालाही पाहता येणार नाही. पृष्ठसंख्या एक.

ओळी किती आहेत, ते तिथं दिसत नाही. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. मैथिलीला उत्तर गेलेलं नाही.